परातीतलं उलटं नाव

डोंबिवलीतली आमची जुनी इमारत रीडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा माळ्यावरचं सगळं खाली काढावं लागलं. गाद्या, ट्रंका, वर्षानुवर्षांचे दिवाळी अंक आणि गोणपाटात गुंडाळलेली भांडी. त्या भांड्यांत आजीची पितळी परात निघाली. काळपट हिरवी पडलेली, एका बाजूला पोचा आलेली. चिंच लावून घासायला बसले आणि काठाच्या आतल्या अंगाला बोटाला काहीतरी खडबडीत लागलं. टिंबाटिंबांनी ठोकलेलं आजीचं नाव.

हे नाव मी आधी उलटं वाचलं होतं, सुलटं फार नंतर. लहानपणी आम्ही ठाण्यात चरईत राहायचो. आई कणीक मळून झाली की गोळा परातीच्या काठाशी दाबून ठेवायची, वर ओलं फडकं टाकायची. पोळ्या करायच्या वेळी गोळा उचलला की त्याच्या पोटावर आजीचं नाव उमटलेलं असायचं. परातीत खोल गेलेलं टिंब कणकेवर उंच यायचं, डावीकडचं अक्षर उजवीकडे जायचं. मी त्या वयात अक्षरं नुकतीच ओळखू लागले होते आणि कणकेवरची अक्षरंच खरी, असं धरून चालले होते. शाळेत पाटीवर पहिल्यांदा काढलेला माझा ‘स’ त्याच वळणाचा होता. बाईंनी तो पुसला, हात धरून पुन्हा गिरवून घेतला. का पुसला हे मला कळलं नव्हतं, आणि घरी तर रोज तसाच ‘स’ दिसत होता.

दुसरी आठवण त्याच काळातली. मासुंदा तलावाच्या काठाला कोपिनेश्वराचं देऊळ आहे आणि तिथून थोड्याच अंतरावर सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च. पोर्तुगीज अमदानीपासून ते तिथे आहे. चर्चच्या मागच्या गल्लीत आईच्या ओळखीच्या एक ईस्ट इंडियन मावशी राहत. आई त्यांच्याकडे शिवणाला कपडे टाकायची. “ये गो बाय,” म्हणत त्या मला आत घेत आणि मी थेट भिंतीवरच्या एका चित्रापुढे जाऊन उभी राहायची. कुठल्यातरी पुस्तकातून काढून काच लावलेलं, हातभर उंचीचं काळंपांढरं चित्र. क्रुसावरून येशूचं कलेवर खाली उतरवतायत. शिडीवर माणसं आहेत, खाली बायका आहेत, आणि वरून खालपर्यंत एक पांढरी चादर तिरपी घसरत आलेली. सगळ्यात वर वाकलेल्या माणसाने त्या चादरीचं टोक दातांत धरलंय.

मी त्या दातांकडे बघत राहायची. दोन्ही हात अडकलेले असले की आई पदर असाच दातांत धरायची. वाळत घातलेले कपडे काढताना, कडेवर भावाला घेऊन कुलूप उघडताना. मेलेल्या माणसाला खाली उतरवतानाही हात पुरत नाहीत आणि दात लागतात, हे मला त्या चित्राने सांगितलं. येशू कोण, तो का मेला, हे मावशींनी नंतर त्यांच्या बोलीत सांगितलं. चादर मात्र आधी कळली होती.

ते चित्र काय होतं याचा उलगडा व्हायला पंचवीसेक वर्षं गेली. मूळ चित्र रुबेन्स या चित्रकाराचं. अँटवर्पच्या कॅथिड्रलमध्ये १६१२ ते १६१४ या काळात त्याने ते वेदीसाठी रंगवलं. चार मीटरहून उंच आहे, जागचं हलत नाही. ज्याला बघायचंय त्याने अँटवर्पला जावं. पण रुबेन्स लुकास फोर्स्टरमन नावाच्या कोरक्याकडून आपली चित्रं तांब्याच्या पत्र्यावर उतरवून घेत असे, आणि १६२० मध्ये फोर्स्टरमनने हे चित्र कोरलं. मावशींच्या भिंतीवर होती ती त्या कोरीव छापाची पुस्तकातली प्रतिकृती. पुढे रुबेन्स आणि फोर्स्टरमनचं इतकं बिनसलं की त्यांचं एकत्र काम थांबलं. याचं मला नवल वाटत नाही. दुसऱ्याच्या रंगांचा एकेक पदर काळ्या रेघेत पकडायचा, डोळ्यांची आग होईपर्यंत, आणि लोकांनी चित्र मात्र रुबेन्सचंच म्हणायचं.

ही रेघ कशी पडते ते समजून घेतल्यावर मला ती चित्रं पूर्वीसारखी बघता येईनात. कोरक्याच्या हातात पोलादाची चौकोनी काडी असते, टोक तिरपं घासलेलं, मागे तळहातात मावेल अशी लाकडी मूठ. लेखणी आपण आपल्याकडे ओढतो, ही कोरणी पुढे ढकलायची असते. तांब्याचा पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवतात. वळणदार रेघ हवी असेल तेव्हा हात तसाच राहतो आणि पत्रा फिरतो. पोळी लाटताना लाटण्याखाली ती आपोआप गोल फिरत जाते, तसा. जोर जास्त दिला की रेघ खोल आणि रुंद, जोर सुटत गेला की केसासारखी बारीक होत विरते. मग पत्र्यावर शाई चोपडायची, फडक्याने आणि शेवटी तळव्याने पुसून काढायची. शाई फक्त चरांत उरते. ओला कागद वर घालून पत्रा दोन रुळांमधून काढायचा, उसाच्या चरकातून कांडं काढावं तसा. कागद चरांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. सगळं उलटं.

म्हणजे आईची कणीक जे करत होती तेच.

हे उलटेपण कोरक्यांना सतत सांभाळावं लागे. चित्र जसंच्या तसं पत्र्यावर कोरलं तर छापात उजवा हात डावा व्हायचा, आणि आशीर्वाद देणारा येशू डाव्या हाताने आशीर्वाद देऊ लागायचा. असे छाप खरोखर निघाले आहेत. डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून ज्यांच्या हातावर लहानपणी चापट बसलीय, त्यांना यातली अडचण वेगळी समजवायला नको. नीट काम करणारा कोरक्या आधी सगळं उलटं करून घ्यायचा, म्हणजे दुसऱ्यांदा उलटल्यावर ते सुलटं होई.

आणि पांढरं. बरोक काळातल्या या चित्रांत प्रकाश फार मोठं काम करतो. गोठ्यातल्या गव्हाणीत ठेवलेल्या बाळापासूनच उजेड निघतो आणि वाकून बघणाऱ्या मेंढपाळांच्या हनुवट्या खालून उजळतात. पण तांब्याच्या छापात उजेड कोणी काढत नाही. जिथे रेघ नाही तिथे उजेड. कोरक्या फक्त अंधार कोरतो, आडव्या रेघा, त्यांवर तिरप्या रेघा, आणि बाळाच्या कपाळाशी येऊन हात थांबवतो. क्रुसावरून घसरणारी ती चादर माझ्या मनात इतकी लख्ख राहिली, ती निव्वळ कोरा कागद होती.

अशी चित्रं आपल्याकडे फार लवकर आली. १५८० साली गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी फतेहपूर सीक्रीला अकबराच्या हाती अँटवर्पला प्लँटँच्या छापखान्यात छापलेलं अनेक भाषांतलं बायबल दिलं. जाड जाड खंड. त्याच्या आरंभाच्या कोरीव चित्रात सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू एकाच गव्हाणीशी उभे आहेत. बादशहाने एकेक खंड डोक्याला लावला, असं त्या पाद्र्यांपैकी मोन्सेरातने लिहून ठेवलंय. ही मंडळी गोव्याहून दमणपर्यंत जहाजाने गेली, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरून, वसईच्या समोरून. पुढे १५९३ मध्ये जेरोनिमो नादाल या पाद्र्याच्या योजनेतून शुभवर्तमानांचा एक चित्रसंग्रह अँटवर्पला निघाला, १५३ चित्रांचा. बरीचशी कोरणी विरिक्स भावांची. तोही मोगलांच्या चित्रशाळेत पोचला. अबुल हसन नावाच्या पोराने वयाच्या तेराव्या वर्षी ड्यूररच्या कोरीव चित्रातला योहान पाहून तसाच्या तसा काढला. ते पान अजून टिकून आहे.

नादालच्या पुस्तकातली एक युक्ती मला फार आवडते. प्रत्येक चित्रात माणसांच्या डोक्याशी, दाराशी, डोंगराशी बारीक रोमन अक्षरं घातलेली असतात आणि खाली त्या त्या अक्षरापुढे लिहिलेलं असतं की इथे काय घडतंय. बघणाऱ्याने आधी पहिल्या अक्षरापाशी जायचं, थांबायचं, मग दुसऱ्यापाशी. पानावर एकाच वेळी दिसणारी गोष्ट अशी हळूहळू उलगडते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी हेच करतात. पोथीतलं एक चित्र समोर धरायचं, बोटाने एकेक पात्र दाखवत गायचं, संपलं की पुढचं. त्यांना अक्षरांची गरज पडत नाही, बोट पुरतं.

उलट दिशेनेही वाट होती, हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर आनंदात होते. मोगल लघुचित्रं अ‍ॅमस्टरडॅमला पोचली आणि रेम्ब्रांटने त्यांवरून विसाहून अधिक रेखाटनं केली. त्यातल्या एकात झाडाखाली बैठक मांडून बसलेले चार वृद्ध शेख आहेत. १६५६ मध्ये त्याने तांब्याच्या पत्र्यावर अब्राहाम आणि त्याच्या दारी आलेल्या तीन देवदूतांचं चित्र काढलं, आम्लाने रेघ खाऊन घेण्याच्या पद्धतीने. त्यात पाहुणे खुर्चीवर नाहीत. मधे ताट ठेवून, जमिनीवर, आपल्याकडे पंगतीला बसावं तसे बसलेत. ती बैठक त्या मोगल चित्रातली. बायबलातली माणसं युरोपातून छापून इथे आली आणि परत जाताना मांडी घालून बसायला शिकून गेली.

गोव्यात मात्र, मोगलांकडे ती चित्रं पोचत होती त्याच सुमाराला, एक माणूस दुसऱ्याच गोष्टीसाठी तळमळत होता. फादर स्टीफन्स, इंग्लंडात जन्मलेला, १५७९ मध्ये गोव्याला आलेला. तो गोव्याच्या साष्टीत राहत होता. आमचं ठाणंही साष्टीतलंच, फक्त ही साष्टी वेगळी, वसईच्या खाडीच्या दक्षिणेची. नाव दोन्हींकडे सहासष्ट गावांवरूनच पडलं असं सांगतात. स्टीफन्सने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. ते आपल्या लिपीत छापायची त्याची फार इच्छा होती. १६०८ मध्ये त्याने रोमला पत्र लिहून छपाईचे खिळे पाडण्याची परवानगी आणि मदत मागितली. आपल्या लिपीत जोडाक्षरं धरून शेकडो आकार होतात, त्यांचे साचे करायचे कोणी आणि कसे? ते झालं नाही. १६१६ मध्ये राशोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे.

या माणसाबद्दल मला फार वाटतं. त्याच समुद्रावरून तांब्यावरची चित्रं पेट्या भरून येत होती. येशूचं जन्मणं, पाण्यावरून चालणं, शेवटचं जेवण, सगळं रेघेरेघेने छापलेलं. आणि मराठी ओवीला मात्र मराठी अक्षर मिळत नव्हतं.

ते तांब्यावरूनच मिळालं, पण जवळजवळ दोनशे वर्षांनी आणि दुसऱ्या ग्रंथाला. नाना फडणविसांच्या मनात गीता छापायचं होतं. पुण्यातल्या एका तांबटाने इंग्रज वकिलातीच्या मंडळींकडून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायची विद्या उचलली होती. १८०० मध्ये नाना गेले. काम अडलं, पुढे मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने पुरं झालं, आणि १८०५ मध्ये गीता छापून निघाली. खिळे जुळवलेच नाहीत. अख्ख्या पानाचा पत्रा कोरला. अक्षर म्हणजेही एक चित्र, असं धरलं की शेकडो साच्यांचा प्रश्न उरत नाही. त्या तांबटाने अठरा अध्याय उलटे कोरले असणार, उजवीकडून डावीकडे, वेलांट्या पलीकडे वळवून. भांड्यांवर नावं घालणाऱ्या हाताला ते जड गेलं असेल का? माझा पाटीवरचा ‘स’ त्याला बघताक्षणी वाचता आला असता.

तांबटाचा विषय निघाला की मन ठाणे-कल्याणकडे वळतं. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कोस्मास हा व्यापारी, पुढे संन्यासी झालेला, ‘कल्लियाना’ नावाच्या बंदराबद्दल लिहितो. पुष्कळ अभ्यासकांच्या मते ते आपलं कल्याण. तिथून तांबं किंवा पितळ, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जातं आणि तिथे ख्रिस्ती लोक आहेत, त्यांचा धर्मगुरू इराणातून नेमून येतो, असं तो म्हणतो. तांबं आणि ख्रिस्ती माणसं, दोन्ही एकाच बंदराच्या वर्णनात. ठाण्याला १७८७ मध्ये किल्ल्यातल्या बांधकामासाठी खणताना तांब्याचे कोरलेले पत्रे निघाले. शिलाहार राजा अरिकेसरीचं शके ९३९ चं, म्हणजे १०१७ चं दानपत्र. त्याचं भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात छापलं गेलं. तो किल्ला म्हणजे आजचा ठाण्याचा तुरुंग. बसमधून त्याच्या भिंतीजवळून जाताना मला नेहमी ते पत्रे आठवतात.

ताम्रपटाचा कोरक्या अक्षर सुलटं कोरी. तो पत्राच वाचायचा असे. ज्याला गाव मिळालं त्याने तो जपायचा, वाद झाला तर काढून दाखवायचा, पुरायची वेळ आली तर पुरायचा. अँटवर्पचा कोरक्या उलटं कोरी, कारण त्याचा पत्रा कोणी बघणारच नव्हतं. पत्रा छापखान्यात राहणार, कागद जगभर जाणार. हजारभर छाप निघाले की मऊ तांब्यावरच्या बारीक रेघा आधी झिजतात, मग सावल्या पातळ होत जातात. शेवटी पत्रा घासून कोरा करतात किंवा वितळवतात. आमच्याकडचं तांबं मातीत शतकानुशतकं पडून राहूनही वाचता आलं. तिकडचं तांबं संपलं, आणि त्याच्यावरून उठलेली एक चादर चर्चमागच्या गल्लीत काचेआड येऊन थांबली. यातलं अधिक टिकलेलं काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या काळच्या सगळ्या छापांत एक छाप मी पुन्हा पुन्हा काढून बघते. क्लोद मेलाँ या फ्रेंच कोरक्याने १६४९ मध्ये केलेला. क्रूस वाहून नेणाऱ्या येशूचा घामरक्ताने माखलेला चेहरा वेरोनिका नावाच्या बाईने रुमालाने पुसला आणि त्या रुमालावर चेहरा उमटला, अशी कथा आहे. म्हणजे कथाच छापाची. मेलाँने तो चेहरा एका रेघेत काढला. नाकाच्या शेंड्यावर कोरणी टेकवली आणि तिथून गोल गोल फिरवत नेली, डोळे, गाल, काट्यांचा मुकुट, केस, सगळं पार करून कागदाच्या कडांपर्यंत. रेघ कुठे तुटत नाही, दुसरी रेघ तिला छेदत नाही. जिथे सावली हवी तिथे ती फुगते, जिथे उजेड हवा तिथे बारीक होते. इतकंच. रक्ताचे थेंबही त्याच रेघेच्या फुगण्यातून झालेले.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम आठवलं. घागर किंवा घंगाळ घडवून झालं की तांबट बुडाच्या मधोमध पहिला ठोका घालतो आणि तिथून वर्तुळावर वर्तुळ ठोके मारत काठापर्यंत येतो. एकसारखे, एकाला एक लागून. त्याने पत्रा घट्ट होतो आणि उन्हात धरलं की सगळं भांडं लुकलुकतं. पॅरिसच्या माणसाने असं भांडं पाहिलं नसणार, तांबटाने तो चेहरा पाहिला नसणार. पण मधून सुरुवात करून न चुकता काठापर्यंत येणं, एकदा सुरू केल्यावर मागे न फिरणं, हे दोघांच्या मनगटाला सारखंच ठाऊक होतं. तांबं माफ करत नाही. खोडरबर नाही. चुकलेली रेघ पत्रा मागून ठोकून वर आणावी लागते.

इमारत पाडायला गेल्यापासून आम्ही कल्याणला भाड्याने राहतोय. इथल्या जुन्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा माणूस बसतो. मशीन मधमाशीसारखं घूं करतं आणि स्टीलच्या डब्यावर ‘सप्रेम भेट’ उमटत जातं. मी तिथे परात घेऊन गेले होते. नाव पुन्हा उजळून मिळेल का, विचारलं. त्याने परात उलटीपालटी करून पाहिली, अंगठा नावावरून फिरवला. म्हणाला, “ताई, हे हाताचं काम आहे. यावर मशीन चालवू नका, बिघडेल.” पैसे घेतले नाहीत. मग अंगठा काठावर थांबवून म्हणाला, “घालणाऱ्याची जागा कमी पडली बघा. शेवटचा ‘ई’ वर चढवलाय.”

मी वाकून पाहिलं. नाव ‘बाई’ने संपत होतं. ‘बा’पर्यंत टिंबं सरळ ओळीत होती, आणि ‘ई’ परातीच्या काठाच्या वळणावर, तिरका, जवळजवळ बाहेर निसटलेला. आईची कणीक तिथवर कधी पोचत नसे. इतकी वर्षं कणकेवरून मी आजीचं नाव ओळखत होते, त्याचं शेवटचं अक्षर त्यात नव्हतंच.

त्या संध्याकाळी कणीक मळली. थोडी सैलसरच ठेवली. गोळा काठाशी नेला आणि तळव्याने वर सारत सारत वळणापर्यंत दाबला. फडकं टाकून तवा ठेवला. अर्ध्या तासाने गोळा उचलून खिडकीशी नेला. उजवीकडून नाव सुरू होत होतं, टिंबामागून टिंब, आणि अगदी डाव्या टोकाला, कणीक जिथे पातळ झाली होती तिथे, पुसटसा उलटा ‘ई’ होता. नुसतं वरचं वळण आणि रफाराची खूण. गोळा हातात धरून मी तशीच उभी राहिले. मागे तव्यातून धूर निघू लागला होता.